तू काय वाचणार?

गेल्या महिन्यात आपल्या साहित्य मंडळाची बैठक झाली, तेव्हा मी खिडकीजवळच्या बाकावर बसले होते आणि भलतीच खुशीत होते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात भरणाऱ्या साहित्य संमेलनाचं पत्र आलं होतं. नवोदितांच्या कवी संमेलनासाठी आपल्या कॉलेजमधून सहा कविता घेतल्या होत्या आणि त्यातली एक माझी होती. फादरांनी गाडीचे पैसे मंजूर केले होते. मॅडम धरून चौदा माणसं बसतील एवढी गाडी. सहा कवी, एक मॅडम, म्हणजे सात जागा शिल्लक.

त्या सात जागांसाठी नावं घेणं सुरू झालं. पहिल्या वर्षातल्या एका मुलीनं हात वर केला. ‘मी येऊ काय?’

सेक्रेटरीनं वहीतून मान वर न काढता विचारलं, ‘तू काय वाचणार?’

‘मी काय वाचणार नाही. ऐकायला येणार.’

सगळे हसले. मीपण हसले, आणि चांगली मोठ्यानं हसले. ती मुलगी ‘राहू दे मग’ म्हणून खाली बसली. त्या सात जागा अशांना मिळाल्या ज्यांच्याकडे एखादी कविता ‘तयार’ आहे, म्हणजे ऐनवेळी कुणी कवी आलाच नाही तर यांना संधी मिळेल. थोडक्यात, आपली गाडी सहा कवी आणि सात वेटिंग लिस्ट घेऊन जाणार आहे.

त्या हसण्याबद्दल मला लिहायचंय. कुणावर राग नाही, सेक्रेटरी माझा चांगला मित्र आहे आणि हा लेख छापायच्या आधी त्यानंच वाचलाय. पण मला वाटतं त्या दिवशी आपण चुकीच्या माणसाला घरी बसवलं. संमेलनाला जायची तयारी म्हणजे काय हेच आपल्याला कळलेलं नाही, आणि हे मी स्वतःच्या तयारीवरून सांगते.

मी एकवीस वर्षांची आहे आणि आजवर एकाही साहित्य संमेलनाला गेलेले नाही. बेळगावात राहून हे सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. आपल्याकडे हिवाळा आला की आसपासच्या गावांत संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोलीला भरतं, उचगावला भरतं, येळ्ळूरला भरतं. गावातली मंडळी वर्गणी काढतात, शाळेच्या मैदानात मांडव घालतात, सकाळी ग्रंथदिंडी काढतात, दुपारी आल्या-गेल्या सगळ्यांना जेवायला घालतात. पुण्या-मुंबईचा लेखक अध्यक्ष म्हणून येतो आणि भाताच्या वाफ्यांच्या गावात कथा-कवितांवर बोलतो. अखिल भारतीय संमेलनही आपल्या शहरानं तीनदा पाहिलंय. १९२९ मध्ये, १९४६ मध्ये आणि २००० मध्ये. त्यातलं १९४६चं ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं, जिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून सीमाभागातल्या संमेलनात ठराव आणि साहित्य एकाच मांडवात बसतात, आणि आपल्याला ते विचित्रही वाटत नाही.

तरी मी कधी गेले नाही, कारण संमेलनं रविवारी असतात. दिंडी सकाळी आठ-साडेआठला निघते आणि त्याच वेळेला आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा असते. आईपुढे हा विषय काढण्यात अर्थ नव्हता. यंदा माझी कविता लागली म्हणताना तिनंच तोडगा काढला. ‘शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जा, ती रविवारचीच धरतात.’ मला हे आधीपासून माहीत होतं. पण कविता लागली नसती, नुसतं ‘ऐकायला जाते’ म्हटलं असतं, तर मी आईला विचारलं असतं का? नसतं विचारलं. म्हणजे ती मुलगी बैठकीत जे बोलली ते बोलायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.

आता माझी तयारी ऐका.

पत्र आल्यावर मी पहिल्यांदा साडी ठरवली. मग कविता पाठ केली, आरशासमोर म्हणून बघितली, मोबाइलवर वेळ लावली. प्रत्येकाला तीन मिनिटं आहेत आणि माझी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बसते. मग कवितेच्या आधी काय बोलायचं ते ठरवलं, आणि ते बोलायला एक मिनिट लागतंय म्हणून एक कडवं कापलं. कडवं कापलं, प्रस्तावना नाही कापली! व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकलं. मंडळाचा फ्लेक्स कसा असावा यावर ग्रुपमध्ये दोन दिवस चर्चा झाली, त्यात मी अकरा मेसेज टाकले. मोजलेत मी.

कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. तीत मी फक्त माझं नाव शोधलं. चौथ्या सत्रात, खालून तिसरं, आडनावाच्या स्पेलिंगची मराठीत जी वाट लागते ती लागलेली. वर कोण अध्यक्ष आहे, कथाकथन कोण करणार, परिसंवाद कशावर, यातलं काहीही मी वाचलं नव्हतं. आठ दिवसांनी पप्पांनी सहज विचारलं, ‘अध्यक्ष कोण आहेत गे?’ आणि मला सांगता आलं नाही.

मग मध्येच एक फोन आला. संयोजन समितीतले एक काका होते. बोलणं अगदी प्रेमाचं. ‘बाळ, कविता छान आहे. पण असं बघ, तुमच्यातलं कोण सहसा येत नाही आमच्याकडे. नाताळावर, येशूवर एखादी असेल तर तीच वाच. वेगळी वाटेल, लोकांना आवडेल.’ मी ‘हो काका’ म्हणून फोन ठेवला. माझी निवडलेली कविता आजीच्या चष्म्याबद्दल आहे. तिच्यात धर्म शोधून सापडणार नाही, फार तर मोतीबिंदू सापडेल.

तरी मी दोन रात्री बसून नाताळाची कविता लिहिली. गव्हाण, तारा, मेंढपाळ, थंडी, सगळं हजर. आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘हे तू लिहिलंस होय? हे तर दर वर्षी चर्चच्या पत्रकात असतंय.’

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आजही ठामपणे वाटतं. त्यांना मांडव मोठा करायचा होता, सगळे यावेत असं त्यांना वाटत होतं. पण त्यामुळे माझ्या लक्षात एक गोष्ट आली. माझ्या कवितेच्या जागी माझी पाटी वाचली जाणार होती, आणि मी ती पाटी रंगवायला आनंदानं बसले होते. ‘मी कवी म्हणून जाणार’ आणि ‘मी आमच्या लोकांची प्रतिनिधी म्हणून जाणार’ ही दोन्ही जाणं तशी एकच आहेत. दोन्हीत माणूस आपला नंबर कधी येतो त्याची वाट बघत बसतो, आणि बाकीच्यांचं बोलणं म्हणजे आपल्या नंबराआधीची गर्दी.

पाटी वाचण्याचा हा प्रकार आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या एका मोठ्या माणसाच्या बाबतीत झालाय. पहिलं ग्रंथकार संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं, न्यायमूर्ती रानडे अध्यक्ष होते. त्यानंतर १४२ वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या संमेलनाला पहिला ख्रिस्ती अध्यक्ष मिळाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर झाल्यावर ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, महामंडळाकडे निषेधाचे फोन गेले. फादरांची तब्येत बरी नव्हती, तरी ते गेले आणि अध्यक्षपदावरून बोलले. विरोध करणाऱ्यांना फक्त झगा दिसला असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे काय झालं ते सांगते. मी तेव्हा शाळेत होते. ‘आपले फादर अध्यक्ष झाले’ म्हणून चर्चबाहेर किती आनंद! प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता. त्या आनंदात त्यांचं एखादं पुस्तक कुणी वाचलंय का, हे कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले होते, ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी चालवलं होतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्यांचं ‘नाही मी एकला’ मी वाचायला घेतलं ते २५ जुलै २०२४ ला ते गेल्यावर. मग आम्हालाही झगाच दिसला की! फक्त आम्हाला तो आवडला, एवढाच फरक.

पुस्तक वाचून कुणी विरोध केला असता तर ती गोष्ट वेगळी. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारलं, तेव्हा त्यांनी पत्रात कारण लिहिलं होतं. जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. ते पत्र ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात छापून आलं. त्यांनी सभेत कोण बसलंय आणि ते काय लिहितात हे नीट पाहून मग नकार दिला होता. न जाण्यासाठीही त्यांनी तयारी केली होती असं म्हणायला हरकत नाही. आपण जायला निघालोय तरी तेवढी करत नाही.

आता मूळ मुद्दा, ऐकणाऱ्याचा. हे आपल्या वर्गात शिकवलेलंच आहे, पण परीक्षेपलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राचोलला छापलं गेलं. रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. हे पुराण का लिहिलं गेलं, याचा प्रसंग पुराणाच्या सुरुवातीलाच आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची आधीची पुराणं बंद झाली होती. त्यातला एकजण पाद्रींना विचारतो की आम्हाला आमच्या भाषेत पुराण का नाही? म्हणजे आधी श्रोता आला, मागणी घेऊन आला, आणि पुराण नंतर आलं. ते लिहिल्यावर रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जायचं, लोक ऐकायचे. समजा त्या माणसाला तेव्हा कुणी विचारलं असतं, ‘तू काय वाचणार?’ तर?

त्या बाजूनं बघितलं तर आपल्या मराठीत ऐकणारा कधी फालतू माणूस नव्हता. कीर्तनात नव्हता, भजनात नव्हता. तो फालतू झाला तो आपल्या कवी संमेलनांत. मी संमेलनाला गेले नसले तरी काव्यवाचनाच्या छोट्या कार्यक्रमांना गेलेय, आपल्या कॉलेजातल्याच. तिथं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वीस कवी, समोर पंचवीस माणसं, त्यातली वीस म्हणजे तेच कवी. पहिल्यानं कविता वाचली की तो पाच मिनिटं मोबाइल बघतो आणि मग वाकून वाकून मांडवाबाहेर जातो. शेवटचा कवी सूत्रसंचालकाला आणि माइकवाल्याला कविता ऐकवतो. माझं नाव पत्रिकेत खालून तिसरं आहे, म्हणून मला हे आता जास्तच जाणवतंय, हेही कबूल करते.

मी चर्चमध्ये वाचन करते. मिस्सेतलं पहिलं वाचन, महिन्यातून एकदा पाळी येते. आम्हाला शिकवताना एक गोष्ट बजावली जाते: उतारा आठवडाभर आधी घरी वाचायचा, अर्थ कळला नाही तर विचारायचा, आणि मगच पुढे उभं राहायचं. हे वाचणाऱ्याचं झालं. पण एका फादरांनी प्रवचनात बाकावरच्या लोकांनाच विचारलं होतं, ‘तुम्ही आजचा उतारा घरी वाचून आलात का?’ सगळे गप्प. तेव्हा मला ते उगाच वाटलं, आता नाही वाटत. आणि आणखी एक, मिस्सेत पहिलं वाचन करून कुणी घरी निघून जात नाही. गेलं तर पुढच्या महिन्यात पाळी मिळणार नाही, शिवाय आईला कळेल.

पप्पांच्या त्या प्रश्नानंतर मी कॉलेजच्या लायब्ररीत गेले. यंदाच्या अध्यक्षांचा एक कथासंग्रह आपल्याकडे आहे. सरांनी तो सगळ्यात वरच्या फळीवरून काढून दिला, वरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली. मागच्या चिठ्ठीवर माझ्याआधी दोनच तारखा होत्या आणि दुसरी मी शाळेत जायच्या आधीची होती. मी पाच कथा वाचल्या. दोन आवडल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. फार उपदेश आहे. पण एका कथेत एक बाई आठवड्याच्या बाजाराला संकेश्वरी मिरची विकायला येते, दिवसभर बसते, गिऱ्हाईक येतं, भावही बरा मिळतोय, आणि संध्याकाळी ती एक मिरचीही न विकता पोतं डोक्यावर घेऊन परत जाते. का, ते लेखकानं सांगितलेलं नाही. मी ती कथा तीनदा वाचली. आमच्या गल्लीच्या तोंडावर अशा बायका बसतात, मी रोज त्यांच्यासमोरून येते. आता येताना बघत बघत येते.

आणि तेव्हा मला पहिल्यांदा संमेलनाला जायची घाई झाली. माझ्या तीन मिनिटांसाठी झाली नव्हती ती घाई. मला त्या लेखकांना बघायचंय, त्यांचं भाषण ऐकायचंय, आणि जेवणाच्या वेळेला हातात पत्रावळ असताना का होईना, विचारायचंय की ती बाई परत का गेली. कदाचित ते सांगणार नाहीत. कदाचित त्यांनाही माहीत नसेल. पण माझ्याकडे एक प्रश्न आहे, आणि साडीपेक्षा तो मोठा आहे.

याला मी तयारी म्हणते.

मंडळातल्या मित्रांशी बोलले तेव्हा दोन-तीन आक्षेप आले, ते खरे आहेत म्हणून लिहिते. एक म्हणजे ज्यानं मेहनत करून लिहिलं त्याला आधी जागा मिळायला नको का? हवी. सहा कवींच्या सहा जागांवर माझं काही म्हणणं नाही. पहिल्यांदा अनोळखी लोकांसमोर कविता म्हणणं ही मोठी गोष्ट आहे, ती आपल्यातल्या प्रत्येकाला एकदा मिळायला हवी. माझं म्हणणं उरलेल्या सात जागांबद्दल आहे.

दुसरा आक्षेप, ऐकायचंच असेल तर यूट्यूबवर ऐक. मी ऐकते. पण यूट्यूबवर मी आवडेल तेच ऐकते, आणि तीन मिनिटांत पुढे ढकलते. मांडवात बसलं की न आवडणारंही पूर्ण ऐकावं लागतं, आणि मला वाटतं भाषा तिथं शिकायला मिळते. गावातले आजोबा कथाकथनात कुठल्या शब्दाला हसतात, आपण कुठल्या शब्दाला हसतो, शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपण वर्गात वाचला तेव्हा त्यातले कन्नड वळणाचे शब्द बाहेरून आलेल्या मॅडमना सांगावे लागले, आपल्याला नाही लागले. ते कान आपल्याला फुकट मिळालेत, म्हणून आपण ते वापरत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. भाषणं कंटाळवाणी असतात. उद्घाटनाला पुढारी येतात, शाल-श्रीफळ, सत्कार, सत्काराला उत्तर, आणि अध्यक्ष बोलायला उभे राहतात तेव्हा लोकांना भूक लागलेली असते. हे मला सगळ्यांनीच सांगितलं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पिशवीत पाण्याची बाटली आणि चिक्की ठेवणार आहे.

खरं तर ‘तू काय वाचणार’ हा प्रश्न वाईट नाही. चुकीच्या अर्थानं विचारला गेला एवढंच. ती पहिल्या वर्षातली मुलगी लायब्ररीत रोज दिसते. अध्यक्षांचा संग्रह मी परत केला तेव्हा तिनं तो काउंटरवरूनच उचलला, म्हणजे चिठ्ठीवर माझ्या तारखेखाली आता तिची तारीख आहे. मी तिला विचारलं, बसनं येशील का? रविवारी त्या गावाला बस कमी, परतीची संध्याकाळची बस चुकली तर मुक्काम, आणि तिच्या घरून कॉलेजच्या गाडीनं आणि मॅडमबरोबर असेल तरच सोडणार. म्हणजे आपल्या गाडीत जागा नसेल तर तिचं संमेलन नाही. एवढा साधा हिशोब आहे, आणि तो आपण हसण्यावारी नेला.

म्हणून मी मंडळापुढे ठराव मांडतेय. सीमाभागातलं संमेलन ठरावाशिवाय होत नाही, तर आपली तयारीही ठरावानंच होऊ दे. उरलेल्या सात जागांची यादी रद्द करावी आणि ज्यांना ऐकायला यायचंय त्यांच्यासाठी त्या खुल्या कराव्यात. अट एकच, पत्रिकेतल्या कुठल्याही एका लेखकाचं काहीतरी वाचून यायचं, एक कथा चालेल, एक कविता चालेल, आणि ही अट आम्हा सहा कवींनाही लागू. कवींनी आपली कविता झाल्यावर शेवटच्या कवीपर्यंत खुर्ची सोडायची नाही. फ्लेक्स नको. त्याचे पैसे मांडवातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर खर्च करून जी पुस्तकं येतील ती लायब्ररीत जमा करावीत, खालच्या फळीवर. येऊन आठ दिवसांत प्रत्येकानं या अंकासाठी पानभर लिहावं. स्वतःबद्दल एक ओळही नको, ऐकलेल्याबद्दल लिहायचं.

संयोजन समितीतल्या काकांना मी परवा फोन केला. म्हटलं, काका, चष्म्याचीच कविता वाचते, नाताळाची जमली नाही. ते हसले, म्हणाले, ‘वाच गे, काय हरकत नाही. जेवूनच जा पण.’ एवढं सोपं होतं. आणि कापलेलं कडवं मी परत घातलंय. प्रस्तावना काढून टाकली.

मंडळाची पुढची बैठक गुरुवारी साडेतीनला, नेहमीच्या खोलीत. ठराव माझा आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.